शेजारच्या दोन खान्यांतला फरक रंगवणं : आठ महिन्यांनंतर

मस्जिद बंदरच्या एका घाऊक दुकानात मी हिशेब बघते. १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या आमच्या खरेदी बिलांची यादी) येतं, २० ला ३बी (महिन्याचं विवरणपत्र) भरायचं. मधल्या दिवसांत आमचं खरेदी रजिस्टर आणि २बी जुळवायचं. पूर्वी प्रिंटवर पट्टी ठेवून टिका मारायचे. गेले आठ महिने हे काम एक्सेलच्या कंडिशनल फॉरमॅटिंगवर (नियम दिला की त्यात बसणारा खाना आपोआप रंगतो) सोपवलंय.

मांडणी साधी. डी कॉलमात आमचा कर, शेजारच्या ई मध्ये २बीतला, एक्सलुकअपने (दुसऱ्या यादीतून शोधून आणणारं सूत्र) जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी नंबर) आणि बिल नंबर जोडून ओढलेला. नुसतं कॉपी-पेस्ट करून शेजारी ठेवलं तर वाट लागते: मध्ये एक बिल कमी असलं की खालच्या सगळ्या ओळी सरकतात आणि पानभर पिवळंधमक. नियमात डॉलर (खान्याचा पत्ता पक्का धरून ठेवणारं चिन्ह) फक्त कॉलमच्या अक्षराआधी, ओळीच्या आकड्याआधी नाही. पहिल्या दिवशी मी दोन्हीकडे लावला होता. प्रत्येक ओळीचा निकाल पहिल्याच ओळीवरून लागत होता.

नियमात दोन खान्यांमध्ये <> ('समान नाही') चिन्ह टाकलं की पैशा-दोन पैशांचा फरकही रंगतो. पुरवठादार रुपयात राउंड करतात, आम्ही नाही, त्यामुळे निम्मं पान उगाच पिवळं. म्हणून वजाबाकीला एबीएस (उणे चिन्ह काढून टाकणारं सूत्र) लावून 'एक रुपयापेक्षा जास्त' असा नियम केला. पान एकदम स्वच्छ झालं. खूश झाले मी.

आणि तिथेच फसले. जे बिल २बीत नाहीच, तिथे एक्सलुकअप एन/ए ची ('सापडलं नाही') चूक देतं. चुकीतून वजा केलं तरी चूकच, आणि नियमाचं उत्तर चूक आलं की एक्सेल रंगच लावत नाही. म्हणजे दोन रुपयांचा फरक पिवळा आणि अख्खं गायब बिल पांढरं! क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) तर त्याचंच अडकतं. दोन महिने मला पत्ता नव्हता. तिसऱ्यांदा सीएंनी विचारलं तेव्हा कळलं. आता पूर्ण नियमच इफएररमध्ये (चूक आली तर काय धरायचं ते सांगणारं सूत्र) गुंडाळलाय, चूक आली तर 'ट्रू', म्हणजे रंग लाव. गायब बिलं सगळ्यात आधी दिसतात.

बारीक तक्रारी आहेतच. बिल नंबरामागे एक स्पेस राहिली तर लुकअप हुकतो, दोन्हीकडे ट्रिम (फालतू स्पेस काढणारं सूत्र) लावावं लागतं. ओळी इकडून तिकडे पेस्ट केल्या की नियमांचे तुकडे पडतात. मॅनेज रूल्स (नियमांची यादी) उघडलं तर एकाचे अकरा झालेले. दर महिन्याला सगळे पुसून एकदाच लावते. घाईत असले तर दोन कॉलम निवडून कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबते. वेगळे खाने निवडले जातात, पण रंग आपणच भरायचा आणि आकडा बदलला तरी तो तसाच राहतो.

शेटजींना अजून कागदच लागतो. दुकानातला प्रिंटर काळा-पांढरा, पिवळा त्यात दिसेनासा होतो. म्हणून नियमात जाड अक्षरही घातलंय.