माणूस हवा की त्याचा ग्रंथ? इतिहासावरचे तीन गेम

इतिहासाची आवड आहे, बरा कॉम्प्युटर आहे आणि एकच स्ट्रॅटेजी गेम घ्यायचा आहे, अशी स्थिती असली की 'सिव्हिलायझेशन ६', 'क्रुसेडर किंग्ज ३' आणि 'एज ऑफ एम्पायर्स २' ही नावं हमखास पुढे येतात. ग्राफिक्स आणि लढायांच्या वेगाबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय, ते बाजूला ठेवतो. मला एवढंच बघायचंय, की खऱ्या माणसांचं आणि त्यांनी मागे ठेवलेल्या कलाकृतींचं या खेळांत काय होतं. तिघांच्या तीन तऱ्हा आहेत.

'सिव्हिलायझेशन ६'मध्ये (२०१६) राज्यकर्ता म्हणजे मुखवटा. इ.स.पू. ४००० मध्ये गांधीजी दिल्ली वसवतात आणि अणुयुग उजाडलं तरी गादीवर तेच असतात. प्रत्येक नेत्याला एक ठरलेला 'अजेंडा' दिलेला असतो. गांधीजींना युद्धखोर आवडत नाहीत, शांत राहणारे आवडतात. सहा हजार वर्षं तोच एक स्वभाव. २०१८ च्या 'राइज अँड फॉल' या विस्तारात (मूळ गेमला जोडायचा, वेगळा विकत घ्यायचा भाग) चंद्रगुप्त मौर्य आला. त्याच्या डोळ्यांत शेजारी खुपतात. ऐकायला हे उथळ वाटतं, पण कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथातला मंडल सिद्धांत आठवा. सीमेला लागून असलेला राजा हा स्वभावतःच शत्रू, असं तो सांगतो. म्हणजे इथे ग्रंथातला विचारच माणसाच्या अंगात घातलाय, आणि तो छान बसलाय.

गांधीजींच्या अंगात मात्र एक विनोद घातलाय. १९९१ च्या पहिल्या गेममध्ये आकड्यांच्या गडबडीमुळे गांधीजी अणुबाँब टाकत सुटायचे, अशी दंतकथा वर्षानुवर्षं फिरत होती. असं काही घडलंच नव्हतं, हे गेमचे जनक सिड मायर यांनी २०२० च्या आत्मचरित्रात सांगितलं. पण तोवर दंतकथाच गेममध्ये शिरली होती. पाचव्या भागापासून गांधीजींना अण्वस्त्रांची ओढ मुद्दाम दिली गेली. घरी आजोबा शेजारी बसून बघणार असतील, तर आधी कल्पना देऊन ठेवा.

राज्यकर्ते सोडून बाकीची थोर माणसं गुण साठवून मिळवायची असतात. ज्याचे गुण आधी भरतील, माणूस त्याचा. त्यामुळे आर्यभट अ‍ॅझ्टेकांच्या दारी जाऊ शकतो. नवी मुंबईच्या आखणीत ज्यांचा मोठा वाटा होता आणि पणजीची कला अकादमी ज्यांनी उभारली, ते चार्ल्स कोरिआ थोर अभियंत्यांच्या यादीत आहेत. तेही कुणाच्याही शहराची शोभा वाढवून जातील. आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई थोर सेनापतींमध्ये आहे. माहेरची तांबे, बिठूरला पेशव्यांच्या आश्रयात वाढलेली मनू व्हिक्टोरियाच्या इंग्लंडसाठी लढताना दिसली की हसावं की रडावं कळत नाही. गेमला त्याचं सोयरसुतक नाही. त्याच्या लेखी ती शेजारच्या सैन्याला बळ देणारी एक सोंगटी आहे.

पण कलाकृतींच्या बाबतीत या गेमइतकी मेहनत बाकी दोघांनी केलेली नाही. लेखक मिळाला की त्याच्या हातून दोन ग्रंथ होतात आणि ते अ‍ॅम्फीथिएटरमध्ये ठेवले जातात. चित्रं म्युझियममध्ये जातात. संगीत तर चक्क ऐकू येतं. टागोर यादीत आहेत. प्राचीन चीनमधल्या सुन त्झूचा प्रकार सगळ्यात मजेदार: तो सेनापती म्हणून येतो आणि निरोप घेताना 'युद्धकला' हा ग्रंथ देऊन जातो. म्युझियम सजवायचा नियमही विचार करून केलाय. वेगवेगळ्या कलावंतांची एकाच प्रकारची तीन चित्रं लावली तर दालनाचं मोल वाढतं. मग तुम्ही शिल्प देऊन निसर्गचित्र घ्यायला शेजारच्या राजाशी घासाघीस करू लागता.

अर्थात कविता असो की पुतळा, शेवटी त्याचं होतं काय? संस्कृतीचे गुण आणि पर्यटक. पुरेसे पर्यटक खेचले की तुम्ही जिंकलात. ग्रंथातला मजकूर निकालाच्या कामी येत नाही, ग्रंथांची संख्या येते.

'क्रुसेडर किंग्ज ३'मध्ये (२०२०) सगळं उलटं आहे. इथे तुम्ही देश चालवत नाही, एका माणसाचं आयुष्य जगता; तो मेला की त्याच्या वारसाचं. माणूस महत्त्वाकांक्षी असतो, लोभी असतो, दयाळू असतो, आणि स्वभावाविरुद्ध वागला तर त्याच्या मनावर ताण चढतो. दयाळू राजाने कैद्याचं मुंडकं उडवलं तर त्याला त्रास होतो. एवढ्या एका गोष्टीने माणूस खरा वाटायला लागतो.

मराठी वाचकाने १०६६ ची सुरुवात निवडून दख्खनकडे बघावं. गादीवर आहे कल्याणीच्या चालुक्यांचा पहिला सोमेश्वर. खऱ्या इतिहासात तो १०६८ मध्ये गेला, थोरला मुलगा दुसरा सोमेश्वर राजा झाला आणि १०७६ मध्ये धाकट्या विक्रमादित्याने भावाला बाजूला सारून राज्य घेतलं, ते पन्नास वर्षं सांभाळलं. भाऊबंदकीची ही गोष्ट या गेमसाठीच घडली असावी इतकी त्यात चपखल बसते. पहिल्या काही तासांतच तुम्ही भावाविरुद्ध कट रचत असता आणि तो तुम्हाला योग्यही वाटत असतो.

पण याच विक्रमादित्याच्या दरबारात काश्मीरहून आलेला बिल्हण होता. भावाला पदच्युत करणं कसं न्याय्य होतं, हे त्याने 'विक्रमांकदेवचरित' या काव्यात सजवून सांगितलं. त्याच राजाच्या पदरी विज्ञानेश्वर होता. त्याची 'मिताक्षरा' ही टीका हिंदू वारसाहक्काचा आधार बनून शतकानुशतकं चालली. सगळा गेम वारसाहक्काभोवती फिरतो, आणि मिताक्षरेचा मागमूस नाही! वाटणीचे नियम दख्खनमध्येही युरोपातल्यासारखेच. 'रॉयल कोर्ट' (२०२२) या विस्ताराने दरबारात मांडायला तलवारी, मुकुट, गालिचे, ग्रंथ आणले खरे, पण ते मालकाची प्रतिष्ठा वाढवणारं सामान आहे. वापराने झिजतं, डागडुजी करावी लागते.

थोडक्यात, इथे विक्रमादित्याचा मत्सर मिळेल, बिल्हणाचं काव्य मिळणार नाही. 'सिव्हिलायझेशन'मध्ये काव्य मिळेल, पण ते कुणी कुणासाठी का लिहिलं, याचा पत्ता लागणार नाही.

'एज ऑफ एम्पायर्स २'बद्दल फार लिहायला नको. १९९९ चा गेम, २०१९ मध्ये नव्याने आलेला. त्यातला इतिहास म्हणजे निवेदकाने सांगितलेली गोष्ट: जोन ऑफ आर्क, सलादिन, चंगीझ खान, आणि मधेमधे लढाई. कलाकृती म्हणाल तर भव्य वास्तू आहेत आणि मठात ठेवायचे पवित्र अवशेष आहेत. त्या अवशेषांना नावही नाही, ठेवले की सोनं येत राहतं. तरी २०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'ने एक काम चांगलं केलं. 'इंडियन्स' या एकाच गाठोड्याच्या जागी बंगाली, द्रविड, गुर्जर आणि हिंदुस्तानी असे चार गट आले. राजेंद्र चोळाची मोहीम तर जरूर खेळावी. दख्खनी माणूस मात्र या चौघांच्या फटीत कुठेतरी हरवलाय.

मराठेच हवे असतील तर २००९ चा 'एम्पायर: टोटल वॉर' आहे. सुरुवात १७०० पासून, म्हणजे महाराणी ताराबाईंच्या लढ्याचा काळ, आणि मराठे खेळता येतात. पण त्यात 'बारगीर' नावाचं पायदळ आहे. सरकारी घोड्यावर स्वार होणारा तो बारगीर, हे शाळेत शिकलेल्याला ते पायी चालताना बघवत नाही.

मला विचाराल तर मी 'क्रुसेडर किंग्ज' घेईन, आणि बिल्हण वेगळा वाचेन. पण घरात बारा-तेरा वर्षांचं मूल खेळणार असेल तर तो नकोच. त्यात खून, व्यभिचार आणि नात्यागोत्यातले नको ते प्रकार सर्रास आहेत. त्याला 'एज ऑफ एम्पायर्स' द्या, संध्याकाळी मोहिमेतली एक लढाई उरकते. चित्रं-संगीताची ओढ असेल, टॅबवर खेळायचं असेल, तर 'सिव्हिलायझेशन ६'. २०२५ चा सातवा भाग आलाय आणि त्यात अशोक आहे, तरी ग्रंथ-चित्रांसाठी मी सहावाच सुचवेन. मराठी भाषा यातल्या कशातच नाही. आणि सेलमध्ये घेताना संच नीट बघून घ्या: सहाव्याच्या नुसत्या मूळ गेममध्ये गांधीजीच येतात, चंद्रगुप्ताचे पैसे वेगळे.