फिनॉलच्या पाण्यावर पॉलिमर रेझिन: लोट्यातला अनुभव

उन्हाळ्याच्या तोंडावर लोटे परशुरामच्या आमच्या छोट्या युनिटमध्ये सांडपाण्यातला फिनॉल धरायला सक्रिय कार्बनच्या जागी एक्सएडी-4 जातीचं रेझिन, म्हणजे सच्छिद्र प्लॅस्टिकचे मणी, भरलं. पावसाळा, गणपती, दिवाळी सगळं उलटून गेलं. रेझिन पैसे वसूल करतं, पण विकणारा ज्या कारणासाठी गळ्यात मारतो त्यासाठी नाही.

तो सांगतो पृष्ठफळ. ग्रॅममागे 750 चौरस मीटर, खरंच आहे. पण चांगल्या नारळाच्या करवंटीच्या कार्बनचं त्याहून जास्त असतं. खरा फरक रिजनरेशनचा. थकलेला कार्बन पुन्हा कामाला लावायचा तर 800 अंशांच्या आसपासची भट्टी हवी. ती आमच्यासारख्याकडे कुठली? गोण्या भरा आणि घातक कचऱ्यात पाठवा. रेझिन मात्र आहे त्या कॉलममध्येच, म्हणजे ज्या उभ्या नळकांड्यात भरलंय तिथेच, धुता येतं. स्टायरीन आणि डायव्हिनाइलबेंझीनचे हे पांढरे, जाड रव्याएवढे मणी फिनॉल धरतात ते हलक्या हाताने. चार टक्क्यांचं कोमट कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडलं की फिनॉलचं सोडियम फिनेट होतं, त्याला मण्यांपेक्षा पाणी आवडतं. सुरुवातीचं कॉस्टिक तपकिरी येतं, मग चहासारखं, मग फिकट. बघत उभं राहावंसं वाटतं. त्यात गोळा झालेल्या फिनॉलचं काय करायचं हे मात्र आधी ठरवा, नाहीतर तेच डोकं पुन्हा वर काढतं.

हाच गुण उलटाही बसतो. फिनॉलचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मा फिनॉल फिनेट होतो तो, 10च्या आसपास. येणारं पाणीच अल्कलाइन असेल तर रेझिन काही धरतच नाही. आम्ही पीएच 6च्या आसपास आणूनच पाणी कॉलमला देतो.

पावसात वेगळी कटकट. जांभ्याची लाल माती गटारातून टाकीत उतरते आणि वाळूच्या फिल्टरमधून निसटलेला बारीक गाळ मण्यांच्या थरावर साय धरतो. दाब वाढला की बॅकवॉश, म्हणजे खालून वर उलटं पाणी सोडून धुणं, दुसरा उपाय नाही. तेल असेल तर ते आधीच काढा. मण्यांना तेल लागलं की कॉस्टिकने निघत नाही.

गणपतीत गावी गेलेल्यांच्या मागे शेजारच्या युनिटचा कॉलम कोरडा पडला. हे मणी मुळात पाण्याला नाकारणारे. सुकले की छिद्रांत हवा बसते आणि पाणी नुसतं बाजूने वाहून जातं. मेथनॉलमध्ये भिजवून, मग पाण्याने धुऊन त्यांनी तो परत आणला. मेथनॉल ज्वालाग्राही आणि विषारी, तेव्हा हे सणानंतर करण्यापेक्षा जाताना कॉलम पाण्याने भरून व्हॉल्व्ह बंद करणं सोपं.

आता सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीला रासायनिक रीतीने लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप. विकणारा तोही खाली येईल म्हणतो. येतो, पण फिनॉलचा वाटा तेवढाच. मेथनॉल, अॅसिटिक आम्लासारखे पाण्यात मिसळणारे छोटे रेणू सरळ पलीकडे जातात, आणि मिठाला तर रेझिन हातही लावत नाही.

फिनॉल मोजायच्या अॅमिनोअँटिपायरिनच्या चाचणीवरही डोळे झाकून विसंबू नका. बाहेरच्या नमुन्यात लाल रंग आला नाही म्हणजे पाणी स्वच्छ असं नाही, कारण फिनॉलचाच भाऊबंद पॅरा-क्रेसॉल त्या चाचणीत दिसतच नाही. तुमच्या पाण्यात क्रेसॉल असेल तर सीओडीही घ्या. भूपृष्ठावरच्या जलस्रोतात सोडायच्या पाण्याला फिनॉलची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे.

किंमत कार्बनच्या कितीतरी पट. फिनॉल कधीमधीच येत असेल, थोडं येत असेल, तर कार्बनच परवडतो. रोज येत असेल आणि कॉस्टिक हाताशी असेल तर रेझिन घ्या. आणि विकणाऱ्याकडून पृष्ठफळ विचारण्याऐवजी तुमच्याच पाण्याचा एक कॅन देऊन छोट्या कॉलमवर फिनॉल कधी फुटतो, म्हणजे किती पाण्यानंतर पलीकडे दिसू लागतो, ते लिहून मागा.