वॉकर, पांगुळगाडा, प्लेपेन की नुसती सतरंजी? सात-आठ महिन्यांच्या बाळासाठी काय घ्यायचं

बाळ बसायला लागलं की घरात वॉकरचा विषय निघतोच. मामा म्हणतो मी घेऊन देतो, सोसायटीच्या ग्रुपवर "चार महिनेच वापरलाय, एकदम चांगल्या कंडिशनमध्ये" असा फोटो येतो, आणि आजी म्हणतात अगं आमच्याकडची सगळी त्यातच चालायला शिकली. तर ज्यांनी अजून पैसे भरलेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते, चाकांवरचा, बाळाला आत बसवायचा वॉकर घेऊ नका, फुकट मिळाला तरी नको. पण नुसतं नको म्हणून भागत नाही, कारण ज्या गरजेपोटी तो घेतला जातो ती गरज खरी असते.

खरं तर त्या गरजा दोन आहेत आणि आपण त्या एकत्र करून टाकतो. एक म्हणजे बाळाने लवकर चालावं. दुसरी कोणी फारशी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे बाळ वीस मिनिटं कुठेतरी सुखरूप राहावं, कारण कुकर लावायचाय, आंघोळ उरकायचीय, मावशी आज आल्या नाहीयेत, आणि आई लोकलने घरी पोचेपर्यंत बाळ आजीकडे आहे, आजीचे गुडघे दुखतात, ती रांगणाऱ्या पोरामागे किती धावणार. वॉकर ही दोन्ही कामं करतो असं वाटतं म्हणून तो खपतो. प्रत्यक्षात चालणं तो शिकवत नाही, आणि एका जागी ठेवायचं म्हणाल तर ज्या वस्तूला चाकं आहेत ती बाळाला एका जागी ठेवणारच कशी?

आधी सेफ्टीचं बघू कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. वॉकरमधलं बाळ सेकंदाला तीन फुटांपेक्षा जास्त वेगाने जाऊ शकतं. आपला बारा फुटांचा हॉल म्हणजे चार सेकंद. तुम्ही ओट्याजवळ उभ्या आहात, मान वळवली, दूध उतू जातंय का बघितलं, तेवढ्यात ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला. म्हणूनच "आम्ही लक्ष ठेवतो ना" हे उत्तर इथे पुरत नाही, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात की वॉकरचे बरेचसे अपघात मोठं माणूस बघत असतानाच होतात, बघत असतो पण पोचू शकत नाही.

आकडे अमेरिकेचे आहेत, पण चांगले मोजलेले आहेत. २०१८ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात १९९० ते २०१४ या काळातल्या तिथल्या इमर्जन्सी विभागांतल्या नोंदी बघितल्या, तर १५ महिन्यांच्या आतली अंदाजे २,३०,६७६ बाळं वॉकरमुळे जखमी होऊन आली होती. त्यातल्या ९०.६ टक्के बाळांना मार डोक्याला किंवा मानेला लागला होता, आणि ७४.१ टक्के बाळं जिन्यावरून पडली होती. जी ॲडमिट करावी लागली त्यांच्यातल्या तिघांपैकी एकापेक्षा जास्त बाळांची कवटी फ्रॅक्चर झाली होती. कॅनडाने तर एप्रिल २००४ मध्ये वॉकर विकणं, आयात करणं, त्याची जाहिरात करणं सगळंच बंद केलं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, म्हणजे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, कित्येक वर्षांपासून बंदीची मागणी करतेय.

आता कोणी म्हणेल आमच्या फ्लॅटमध्ये जिना कुठे आहे. घरात नाही, पण मेन दरवाज्याच्या बाहेर आहेच ना. मुंबईत दार दिवसभर उघड-बंद चालू असतं, कचरेवाला, दूधवाला, पार्सल, शेजारच्या काकू, आणि सेफ्टी डोअर नुसतंच लोटलेलं असतं. चाळीत तर दाराबाहेर गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला जिना. शिवाय आपल्या घरात एक गोष्ट असते ती म्हणजे उंबरा, बाथरूमला, बाल्कनीला, कधी किचनला संगमरवराची पट्टी बसवलेली असते, वेगात आलेल्या वॉकरचं पुढचं चाक तिथे अडकलं की वॉकर पुढे कलंडतो आणि बाळ डोक्यावर.

आणि भाजणं. याबद्दल लोक कमी बोलतात म्हणून मी थांबून सांगते. रांगणारं बाळ जमिनीलगत असतं, वॉकरमधलं बाळ उभं असतं, हात वरपर्यंत जातो. सेंटर टेबलवरचा चहा, इस्त्रीची लोंबणारी वायर, टेबलक्लॉथचं टोक, मिक्सरची वायर हे सगळं एकदम टप्प्यात येतं. देवघरासमोर पाटावर लावलेली समई बघा, रांगत बाळ तिकडे निघालं तर तुम्हाला उठून अडवायला वेळ मिळतो, वॉकरमधून निघालं तर मिळत नाही. पाणी सकाळी ठरलेल्या वेळात येतं म्हणून भरून ठेवलेल्या बादल्या, टब, त्यांच्या बाबतीतही तेच, लहान बाळाला बुडायला अगदी थोडं पाणी पुरतं आणि आवाजही येत नाही.

नवीन वॉकरना खाली रबराच्या पट्ट्या असतात, चाक पायरीवरून घसरलं की पट्टी जमिनीला घासून वॉकर थांबतो. याचा फायदा नक्की झालाय. अमेरिकेत १९९० साली अशा दुखापती २०,६५० होत्या, १९९७ मध्ये असं स्टँडर्ड आलं आणि २००३ पर्यंत आकडा ३,२०१ वर उतरला, बाजारात बिनचाकी पर्याय आले हेही एक कारण. २०१० मध्ये नियम सक्तीचे झाले, त्यानंतर आणखी कमी झाल्या. म्हणजे चांगला वॉकर वाईट वॉकरपेक्षा बरा हे मान्य. पण ती पट्टी पायरीसाठी आहे, समईसाठी नाही, आणि वापरलेल्या वॉकरची पट्टी झिजलेली आहे की नाही हे ग्रुपवरच्या फोटोत दिसत नाही.

चालण्याचं काय? इथे मात्र उगाच घाबरवणारं काही लिहायचं नाही. डब्लिनमधल्या १९० बाळांचा अभ्यास २००२ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आला होता, त्यात वॉकरमधल्या दर २४ तासांमागे बाळाचं एकट्याने चालणं साधारण ३.३ दिवस आणि एकट्याने उभं राहणं ३.७ दिवस उशिरा झालेलं दिसलं. हिशोब करा, रोज एक तास असे दोन महिने म्हणजे ६० तास, म्हणजे चालायला आठेक दिवस उशीर. जुळ्या बाळांच्या एका छोट्या अभ्यासात फरक सापडलाच नव्हता. उलट १९९९ च्या अमेरिकेतल्या १०९ बाळांच्या अभ्यासात वॉकरवाली बाळं बसायला, रांगायला, चालायला उशिरा लागली, आणि विकासाच्या चाचणीत त्यांचे गुणही कमी आले, खास करून ज्या वॉकरच्या मोठ्या ट्रेमुळे बाळाला स्वतःचे पाय दिसत नव्हते तिथे. म्हणजे तुमचं बाळ आधी वॉकरमध्ये बसलं असेल तर त्याचं काही कायमचं बिघडलं असं नाही. पण लवकर चालेल म्हणून जर पैसे घालताय तर ते एकाही अभ्यासातून निघत नाही.

कारण समजायला सोपं आहे. वॉकरमध्ये वजन सीटवर असतं, बाळ चवड्यांनी जमीन ढकलतं. चालायला जे लागतं ते म्हणजे कंबर आणि पोटाचे स्नायू, तोल जातोय हे कळणं, तोल सावरणं, आणि पडताना धपकन ढुंगणावर बसता येणं. यातलं काहीच तिथे होत नाही, उलट हवं तिथे जाता येतंय म्हटल्यावर सोफ्याला धरून उभं राहायची गरजच उरत नाही.

आता पांगुळगाडा. आपला जुना तीन चाकी लाकडी, किंवा हल्ली मिळतो तो प्लॅस्टिकचा ढकलायचा. वॉकरसारखाच दिसतो म्हणून लोक दोन्ही एकच समजतात, पण फरक मोठा आहे, इथे बाळ बाहेर आहे, वजन स्वतःच्या पायांवर आहे, पाय दिसतायत, आणि दमलं की हात सोडून खाली बसता येतं. पण वेळ बघून द्या. बाळ स्वतः धरून उभं राहतंय आणि सोफ्याच्या कडेकडेने पावलं टाकतंय, मगच. आपल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर तो सुळकन पुढे पळतो आणि बाळ तोंडावर आपटतं, ओठ फुटतो, हे खरंच होतं. त्याला उपाय म्हणजे बाळ अनवाणी हवं, मोजे नकोत, ट्रे असेल तर त्यात तांदळाची चार-पाच किलोची पिशवी ठेवा म्हणजे गाडी जड होईल, आणि घ्यायच्या आधी दुकानातच ढकलून बघा, चाकं थोडी घट्ट फिरणारी हवीत. लाकडी असेल तर खिळे, लाकडाची कुसळं, निघणारा रंग बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, नोंदणी केलेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे जत्रेत किंवा गावी घेतलेल्या गाड्यावर मार्क नसेलही, तेव्हा हात फिरवून नीट तपासा. आणि हो, पांगुळगाडा असला तरी मेन दरवाजा बंदच हवा.

प्लेपेन म्हणजे जाळीचं किंवा प्लॅस्टिकच्या पॅनलचं कुंपण. हा पर्याय आपल्याकडे कमी वापरला जातो आणि मला तोच वॉकरला खरा पर्याय वाटतो, कारण वीस मिनिटांची गरज हाच भागवतो. आत बाळ पालथं पडेल, रांगेल, कठडा धरून उभं राहील, म्हणजे शिकण्याचं कामही चालूच. अडचण एकच, जागा. वन बीएचकेमध्ये हॉलचा निम्मा भाग तोच खातो, म्हणून घडी होणारा घ्या, आणि कुठे ठेवणार तिथे आधी टेपने मापून बघा. आजीला वाकून बाळ उचलावं लागतं हेही खरं, त्यासाठी दार असलेला पॅनलवाला बरा पडतो. एवढा मोठा नको असेल तर किचनच्या तोंडाशी बेबी गेट लावा, आपल्याकडे बऱ्याच किचनला दारच नसतं, आणि घरातला सगळ्यात धोक्याचा भाग तोच.

बिनचाकी ॲक्टिव्हिटी सेंटर, म्हणजे मध्ये फिरणारी सीट आणि भोवती खेळणी, ते वॉकरपेक्षा नक्कीच सुरक्षित, पंधरा-वीस मिनिटांपुरतं ठीक, पण त्यातही बाळ सीटवर लटकलेलंच असतं तेव्हा चालणं शिकेल ही आशा नको. दाराला टांगायचा जम्पर आणि बाळाला पट्ट्याने धरून चालवायचा बेल्ट, दोन्ही मी यादीतून काढलेत.

राहिली सतरंजी, आणि ती सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत चांगली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना आहेत की जे बाळ अजून सरकत नाही त्याला दिवसभरात थोडं थोडं करून निदान ३० मिनिटं जागेपणी पालथं ठेवावं, आणि कुठल्याही बाळाला एका वेळी तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. टाइल्सवर सतरंजी सरकते, तिच्याखाली रबराची जाळी टाका. फोमची जोडायची मॅट घेतलीत तर बाळ कडा चावून तुकडे तोडतंय का तेवढं बघा, आणि पावसाळ्यात ती उचलून खालून पुसा, ओल धरते.

आणि ते लवकर चालण्याचं टेन्शन. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास केला, त्यात एकट्याने चालायचं वय ८.२ ते १७.६ महिने इतकं पसरलेलं निघालं, आणि काही मोजकी बाळं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, सरळ उभी राहिली. शेजारचा दहाव्या महिन्यात चालला आणि आपली तेराव्यातही धरूनच चालतेय, तर काही बिघडलेलं नाही. अठरा महिने झाले आणि एकटं चालत नाही, किंवा एकाच बाजूचा पाय ओढतंय, किंवा आधी येत होतं ते आता येत नाहीये, तर वस्तू शोधू नका, डॉक्टरांना दाखवा.

मग ठरवायचं कसं. हात मोकळे हवेत, तर प्लेपेन किंवा बेबी गेट. बाळ धरून चालायला लागलंय आणि काहीतरी घेऊन द्यायचंच आहे, तर पांगुळगाडा, मामाला हाच सांगा, आजींनाही हा पटतो कारण तो त्यांच्या ओळखीचा आहे, वाद घालायची वेळ येत नाही. दोन्हीपैकी काही नको, बजेट नाही, जागा नाही, तर सतरंजी आणि बंद दरवाजा, त्यात बाळाचं काहीच कमी पडत नाही. घरात वॉकर आधीच येऊन पडला असेल तर पुढे कोणाला देऊ नका, चाकं आणि सीट काढून भंगारात द्या. आणि बाळाला पाळणाघरात ठेवणार असाल तर फी आणि वेळ विचारता त्याच वेळी हेही विचारा की तुमच्याकडे वॉकर वापरतात का, बाळ जमिनीवर किती वेळ असतं आणि किचनला गेट आहे का. ताई मोकळेपणाने दाखवतील तर आत जाऊन बघूनच या.