दुसरा प्रोसेसर की नवा बोर्ड?

इंदूरला रामबागेत आमचे एक काका राहतात. घरोघरी माळ्यावर पडलेले जुने दिवाळी अंक गोळा करून स्कॅन करायचे आणि टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने त्यातला मजकूर काढायचा, हे त्यांचं काम. सर्व्हर दोन सॉकेटचा आहे, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या दोन जागा, पण प्रोसेसर एकच बसवलेला: इंटेलचा झिऑन ई५-२६२० व्ही३ (व्ही३ म्हणजे तिसरी पिढी), ६ कोअरचा, म्हणजे आत स्वतंत्र काम करणारे सहा भाग. परवा त्यांनी विचारलं, "अरे, ते दुसरं सॉकेट भरू, की सरळ एएमडीच्या एपिक प्रोसेसरचा नवा बोर्ड घेऊ?"

पैसे काढण्याआधी एक गोष्ट करून पाहा. टेसरॅक्ट एका पानासाठी चारपर्यंत थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, उघडतो आणि त्यांचा बराच वेळ एकमेकांची वाट पाहण्यातच जातो. थ्रेडची मर्यादा १ करा आणि जितके कोअर तितकी पानं एकाच वेळी लावा. एवढ्यानेच काम भागलं तर खरेदी टळली. नाही भागलं, तरी कोअर वाढवून फायदा होईल याची खात्री पटते, कारण इथे प्रत्येक पान स्वतंत्र असतं.

आता जुन्याच बोर्डाचा मार्ग. याच सॉकेटमध्ये २०१६चे व्ही४ प्रोसेसर बसतात. ई५-२६८० व्ही४ची जोडी घेतली तर ६ कोअरचे २८ होतात. जुने म्हणून ते स्वस्तात मिळतात, पण घोटाळे इथेच होतात. बायॉस (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्रॅम) आधी, म्हणजे जुना व्ही३ जागेवर असतानाच, अपडेट करायचं. नवा प्रोसेसर बसवल्यावर मशीन चालूच झालं नाही तर अपडेट कुठून करणार? दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे हवेत. नावात ‘ई५-’नंतरचा पहिला आकडाही बघा: २६०० मालिका दोन सॉकेटसाठी आहे. १६०० मालिकेतला प्रोसेसर दिसायला तसाच असतो, पण दुसऱ्या प्रोसेसरशी बोलायची वाटच त्याच्यात नाही. व्ही२ तर या सॉकेटमध्ये चालतच नाही, त्याची रॅमही डीडीआर३.

रॅमकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. या झिऑनमध्ये प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचे चार मेमरी चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाण्याच्या वाटा, असतात. सगळ्या पट्ट्या पहिल्याच्याच बाजूला ठेवल्या तर दुसऱ्याची प्रत्येक मागणी पहिल्याच्या दारातून जाते. म्हणून दुसऱ्या बाजूलाही चार सारख्या पट्ट्या लागतात, आणि आरडीआयएमएम व एलआरडीआयएमएम हे पट्ट्यांचे दोन प्रकार एकत्र चालत नाहीत. जादा कार्डं लावायचे पीसीआयचे काही स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात. तो बसेपर्यंत ते बंदच. कार्ड सापडत नाही म्हणून लोक लिनक्सला, म्हणजे मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, दोष देतात, तेव्हा हे आधी तपासावं.

हीटसिंकचा, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या भागाचा, अनुभव मला स्वतःला आला. या सॉकेटभोवतीची चौकट दोन प्रकारची असते, चौरस आणि अरुंद. आरएनटी मार्गावरच्या एका दुकानदाराने "सगळ्याला बसतो" म्हणून दिलेला हीटसिंक चौरस निघाला आणि माझा बोर्ड अरुंद चौकटीचा. भर मे महिन्यात दोन आठवडे गेले. माप घेतल्याशिवाय मागवू नका.

एपिकचं गणित वेगळं. ७३१३पी हा १६ कोअरचा, १५५ वॉटचा. नावातला पी म्हणजे तो फक्त एका सॉकेटच्या बोर्डासाठी. एकाच प्रोसेसरला आठ मेमरी चॅनेल आणि पीसीआय ४.०च्या १२८ लेन (कार्डांकडे डेटा नेणाऱ्या वाटा) मिळतात. झिऑनला प्रत्येकी ४०, त्याही ३.०च्या. मूळ मांडणीत सगळी रॅम लिनक्सला एकाच नोडमध्ये, म्हणजे एकाच गटात, दिसते, त्यामुळे मोठा डेटाबेस चालवणाऱ्याला कुठली प्रक्रिया कुठल्या रॅमजवळ ठेवायची, ही चिंता बरीच कमी. डीडीआर४च्या जुन्या आरडीआयएमएम पट्ट्याही बोर्डाच्या यादीत असतील तर कमी वेगाने चालतात. पुढच्या ९००४ मालिकेला मात्र डीडीआर५ लागते, जुनी रॅम वाया.

वापरलेला एपिक घेताना विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: हा कुठल्या कंपनीच्या सर्व्हरमधून काढलाय? काही सर्व्हरमध्ये प्रोसेसर त्या कंपनीच्या बोर्डांशी कायमचा बांधला जातो. मग तो दुसऱ्या बोर्डावर सुरूच होत नाही आणि ती गाठ सोडवता येत नाही.

विजेचं बोलायचं तर व्ही४च्या जोडीचे २४० वॉट विरुद्ध ७३१३पीचे १५५. चोवीस तास पूर्ण ताण धरला तर महिन्याला साधारण ६१ युनिटांचा फरक, वर खोली थंड ठेवायचा खर्च. काका फक्त रात्री मशीन लावतात, त्यांना हा फरक फारसा जाणवणार नाही.

लिनक्सच्या बाजूने प्रोसेसरपेक्षा डिस्क जोडणारं कार्ड अडवतं. काकांचं कार्ड एसएएस-२००८ चिपचं. रेड हॅट आणि डेबियन ही लिनक्सची वितरणं, म्हणजे तयार संच: रेड हॅटने ८व्या आवृत्तीपासून त्याचा आधार काढला, डेबियनवर ते चालतं. शिवाय रेड हॅट १० ला निदान व्ही३च्या पिढीचा प्रोसेसर लागतो, व्ही२वर ते चढतच नाही. म्हणून आधी एलएसपीसीआय या लिनक्सच्या कमांडने कार्डाचा क्रमांक काढा, मग वितरण ठरवा.

डेटाबेस, तीन-चार एनव्हीएमई (थेट पीसीआयला जोडलेल्या वेगवान) डिस्क आणि दिवसरात्र चालणारं काम असेल तर मी एपिकच घेईन, जास्त पैसे मोजून. काकांना मात्र व्ही४ची जोडी आणि डेबियन सांगितलं. टेसरॅक्टचे थ्रेड त्यांनी कालच १ वर आणलेत. येत्या रविवारी मोजपट्टी घेऊन रामबागेत जायचंय, चौकटीचं माप काढायला.