600 डिग्रीवाला सिल्व्हर स्प्रे: मॅनिफोल्डला झकास, टॅपेट कव्हरला अजिबात नको

बाबांची जुनी पद्मिनी गाडी आहे, 1089 सीसीवाली. इंजिनाचे पार्ट एकेक काढून पार्किंगमध्येच साफ करून रंगवतोय, त्यासाठी ऑनलाइन हा हीट-प्रूफ स्प्रे मागवला. 400 मिलीचा डबा साडेचारशेला पडला. कंपनीचं नाव घेत नाही कारण अर्धी चूक माझीपण आहे.

आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घेतला, म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा पाइप. बिडाचा पार्ट, गंजाचे नुसते पापुद्रे. रॉकेल हल्ली मिळतंय कुठे, म्हणून रात्रभर डिझेलमध्ये बुडवला, सकाळी ड्रिलला वायर ब्रश लावून खरवडला, मग थिनरने दोनदा पुसला आणि त्यानंतर उघडा हात लावला नाही, कारण बोटाचं तेल लागलं की तिथेच रंग सोडतो. तीन पातळ हात मारले. गाडीला बसवून इंजिन दहा मिनिटं चालवलं, गार होऊ दिलं, मग वीस मिनिटं, मग अर्धा तास. पहिल्या वेळी एवढा धूर आणि वास की वरच्या काकू खिडकीतून "अरे काय जाळतोयस?" चार महिने झाले, एक टवका उडालेला नाही.

मग हुरूप आला आणि तोच स्प्रे टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाला मारला. तासाभरात सुकला, दिसायला एकदम शोरूम पीस. तिसऱ्या दिवशी कार्बोरेटरची पेट्रोलची नळी काढताना दोन थेंब सांडले, फडक्याने पुसले तर सगळी चांदी फडक्यावर! म्हटलं डुप्लिकेट माल दिला. मग डब्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात दिसलं, 200 डिग्रीला तासभर तापवल्याशिवाय रंग पक्का होत नाही. सिलिकॉनचा रंग आहे हा, हात लावून सुकलेला वाटला तरी आतून कच्चाच असतो. मॅनिफोल्ड आपोआप तेवढा तापतो पण टॅपेट कव्हर तापून तापून शंभराच्या आसपास, म्हणजे तो जन्मभर कच्चाच राहणार ना. आईकडे ओव्हन मागितला तर "त्यात परत केक खाणार असशील तर घे", आणि तसंही कव्हर लांबीला बसलंच नसतं.

शेवटी सगळं खरवडून गल्लीतल्या पेंटरकडून हार्डनरवाला टू-के, म्हणजे मारायच्या आधी हार्डनर मिसळायचा रंग, मारून घेतला. तो घरी मास्कशिवाय करू नका, वाफ फुप्फुसाला वाईट. आता पेट्रोलचा बोळा फिरवला तरी ढिम्म.

बाकी नोझल दोनदा चोंदलं, काम झालं की डबा उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत दाबायचं, ते मला उशिरा कळलं. आणि पावसाळ्यात मारू नका, माझा एक ब्रॅकेट पांढरट पडला.

मॅनिफोल्डसाठी पाचपैकी साडेचार. पुढे मोठ्ठं 'इंजिनसाठी' छापून खरी गोष्ट मागे लपवल्याबद्दल दीड कापला, म्हणजे तीन.