स्पोर्ट्स कार मॅन्युअल की ऑटोमॅटिक? दोन्ही काही महिने चालवल्यावर

9 महिने झाले, जवळपास 14,000 किलोमीटर झाले, म्हणून आता लिहायला बसलेय. आधी लिहिलं असतं तर नुसतं नव्या गाडीचं कौतुक झालं असतं, पहिल्या महिन्यात काहीच खटकत नाही ना.

माझी गाडी दोन सीटची, रिअर व्हील ड्राइव्ह, 6 स्पीड मॅन्युअल. माझ्यानंतर दीड महिन्याने दादानेही तीच घेतली, इंजिन तेच, टायर तेच, फक्त गिअरबॉक्स ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (डीसीटी), म्हणजे आत दोन क्लच असतात आणि ते गाडीच चालवते. दर रविवारी आम्ही चाव्या बदलतो. त्यामुळे तुलना अगदी समोरासमोर करायला मिळाली, अशी संधी सहसा मिळत नाही कारण टेस्ट ड्राइव्हला वीस मिनिटांत काय कळणार. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला बोलायचंय ते गिअरबॉक्सबद्दल.

आधी 0 ते 100 चा, म्हणजे ताशी 100 किलोमीटर गाठायला किती सेकंद लागतात तो विषय संपवून टाकते. ऑटोमॅटिक जास्त फास्ट आहे, यात वादच नाही. पोर्शेच्या 718 केमनचे कंपनीचे आकडेच बघा, मॅन्युअलला 5.1 सेकंद आणि स्पोर्ट क्रोनो पॅकेजवाल्या पीडीकेला (पोर्शेचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक) 4.7. आणि "खरी स्पोर्ट्स कार म्हणजे मॅन्युअलच" हे मी पण आधी छातीठोकपणे म्हणायचे, पण फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल 1989 मध्येच आणले, त्यावर त्यांचा ड्रायव्हर मॅन्सेल पहिलीच रेस जिंकला, आणि 1997 ला तेच रस्त्यावरच्या एफ355 मध्ये आलं. मग ऑटोमॅटिक म्हणजे दुय्यम हे कशाच्या जोरावर म्हणायचं? पण उलट बाजूही आहे. पोर्शेने 2013 ला 911 जीटी3 फक्त पीडीकेमध्ये दिली आणि 2017 ला मॅन्युअल परत आणावा लागला, टोयोटाची नवी सुप्रा 2019 ला नुसती ऑटोमॅटिक आली आणि 2022 मध्ये मॅन्युअल जाहीर झाला. हळू आहे हे माहीत असून लोक मागतायत, म्हणजे त्यांना सेकंद नकोयत, दुसरंच काहीतरी हवंय.

ते दुसरं काहीतरी मला डोंगरातल्या वळणावर समजलं. समजा समोर हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणारं वळण आहे आणि मी चौथ्या गिअरमध्ये येतेय. मॅन्युअलमध्ये वळण दिसल्या दिसल्या डोक्यात हिशोब सुरू होतो की दुसरा लागणार की तिसऱ्यात भागेल, मग ब्रेक, ब्रेक दाबलेला असतानाच क्लच, आणि त्याच उजव्या पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला एक टिचकी म्हणजे इंजिनचा आरपीएम (मिनिटाला किती फेरे) खालच्या गिअरला जुळेल इतका वर येतो, मग क्लच सोडायचा. टिचकी कमी पडली तर मागची चाकं क्षणभर अडकल्यासारखी होतात आणि गाडीची शेपटी हलते, ते सीटमधून थेट कमरेला कळतं. हे हील-टो मला नीट जमायला पाच महिने लागले. आणि जमल्यावर एक गोष्ट लक्षात आली की मी वळणाच्या खूप आधी विचार करायला लागलेय, कारण तयारी झाली नाही तर वळण हातातून जातं. निस्सानच्या 370झेडपासून काही मॅन्युअल गाड्या ही टिचकी आपोआप मारतात, माझ्यातही ती सोय आहे, मी पहिल्या आठवड्यात बंद केली ती अजून बंदच आहे.

दादाच्या गाडीत तेच वळण वेगळंच असतं. डाव्या पॅडलला दोन टिचक्या, झालं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, सगळं लक्ष ब्रेक किती आणि कुठपर्यंत दाबून ठेवायचा यावर. प्रामाणिकपणे सांगते, ब्रेकिंग आणि लाइन (वळणातून गाडी कुठून न्यायची ते) दादा माझ्यापेक्षा लवकर शिकला. ट्रॅकवर आम्ही दोघं नवखे होतो, तो दुपारपर्यंत एकसारखे लॅप मारायला लागला आणि मी अजून तिसऱ्या वळणाला गिअरमध्येच गुंतलेली. म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये काही शिकायला नसतं हे अजिबात खरं नाही, शिकायचं ते वेगळं असतं एवढंच.

डीसीटीची एक गंमत मला फार आवडली. त्यात एका क्लचवर 1-3-5 आणि दुसऱ्यावर 2-4-6 असतात, तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा पुढचा गिअर आधीच लावून तयार असतो, म्हणून बदल जाणवतसुद्धा नाही. पण तिसऱ्यात जोरात पळताना बॉक्सने चौथा तयार ठेवलेला असतो, आणि तुम्ही अचानक दुसरा मागितलात तर त्याला आधी चौथा सोडून दुसरा लावावा लागतो, तिथे एक छोटासा श्वास घेतल्यासारखा उशीर होतो. आधी मला वाटायचं पॅडल नीट दाबलं गेलं नाही. ब्रेक आधी मारला की बॉक्सला अंदाज येतो आणि तो उशीर जातो.

ट्रॅफिकबद्दल सगळे एकच वाक्य बोलतात की ऑटोमॅटिक घ्या, सुटाल. अर्धवट खरं आहे. माझा डावा गुडघा तासाभराच्या ट्रॅफिकनंतर बोलायला लागतो, स्पोर्ट्स कारचा क्लच जड असतो आणि पहिला गिअर लांब, म्हणजे अगदी हळू चालायला न जमणारा, त्यामुळे रांगत चालवणं म्हणजे सतत हाफ क्लच. पण डीसीटीमध्येही आत क्लचच असतात, फक्त पाय आपला नसतो. ब्रेक हलका सोडून इंच इंच पुढे सरकत राहिलात तर तो क्लच घासतोच, तापतोच, आणि चढावर तर गाडीला बारीक हादरे बसतात. दादाने आता सवय लावून घेतलीय, पुढे गाडीभर जागा झाली की मगच सोडायची, मग पूर्ण थांबायचं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ऑइल असतं, म्हणून तो रांगण्यात मऊ लागतो. बीएमडब्ल्यूने एम5 ला 2017 च्या पिढीत आधीचा 7 स्पीड डीसीटी सोडून 8 स्पीड टॉर्क कन्व्हर्टर दिला, म्हणजे तो प्रकार आता आळशी राहिलेला नाही. रोज ट्रॅफिक असेल तर "ऑटोमॅटिक" एवढंच विचारू नका, कुठला ऑटोमॅटिक ते विचारा.

आता माझ्या हातून झालेली चूक, कारण हे कुणी आधी सांगत नाही. ट्रॅकवरच तिसऱ्यातून चौथा घेताना लिव्हर घट्ट मुठीत धरून खाली ओढली आणि हात जरासा बाजूला जाऊन दुसरा लागला. क्लच सोडायला सुरुवात केली आणि इंजिनचा आवाज असा वर चढला की पाय आपोआप परत क्लचवर गेला. तिसऱ्यात 7000 आरपीएमला असलेलं इंजिन दुसऱ्यात 10,000 च्या आसपास गेलं असतं, आणि इंजिनला ठरलेल्या आरपीएमवर रोखणारा रेव्ह लिमिटर इथे वाचवत नाही, तो फक्त इंधन तोडतो, इथे तर चाकंच इंजिनला फिरवत असतात. वाचलं, सगळं तपासून घेतलं, पण त्या दिवशी पुढचे लॅप मी मारले नाहीत. दादाच्या गाडीत असा गिअर मागितला तर बॉक्स सरळ नाही म्हणतो. तेव्हापासून लिव्हर मुठीत धरत नाही, तळव्याने नुसती ढकलते, मधल्या लाइनमध्ये स्प्रिंगने ती आपोआप येते.

छोट्या कुरबुरी पण आहेत. सकाळी थंड गाडीत दुसरा गिअर अडखळतो, ऑइल गरम होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. जोर लावायचा नाही, सिंक्रोला (गिअरचा वेग जुळवणारा आतला भाग) एक क्षण द्यायचा, किंवा न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून परत दाबायचा मग लोण्यासारखा जातो. दादाच्या गाडीची कुरबूर म्हणजे साध्या डी मोडमध्ये ती मायलेजसाठी घाईघाईने वरचे गिअर टाकते, उतारावर इंजिन ब्रेकिंगच मिळत नाही, पॅडलने खाली आणलं नाही तर सगळा भार ब्रेकवर.

घ्यायला जाणार असाल तर मॅन्युअलमध्ये ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यात अंतर किती आहे ते स्वतःचा बूट घालून बघा, पेडल एकमेकांपासून लांब असतील तर हील-टो कधीच जमणार नाही. दुसऱ्या गिअरची कमाल स्पीडही विचारा. तो फार लांब असेल तर साध्या रस्त्यावर गिअर बदलायची वेळच येत नाही, मग तीन पेडल कशाला? ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड लावून लिमिटरपर्यंत जा, स्वतःहून वरचा गिअर टाकते का बघा. टाकत असेल तर मला तरी ते चालणार नाही.

मी काय करणार? मॅन्युअलच ठेवणार. रोजच्या कामाला माझ्याकडे दुसरी गाडी आहे म्हणून हे परवडतं, एकच गाडी असती आणि रोज दोन तास ट्रॅफिक असतं तर दादाचीच घेतली असती, अगदी मनापासून. दादाला परवा विचारलं बदलायची का कायमची, तर म्हणाला, "नको गं, पण रविवार बंद करू नकोस." पुढच्या महिन्यात गिअरबॉक्स ऑइल बदलून घेतेय, सकाळचा दुसरा गिअर सुधारला की नाही ते लिहीन.