टॅक्स भरायचं ॲप: पगारदारांना झकास, बाकी गंमतच
ॲप एकदम सुटसुटीत आहे, पगाराचा आकडा टाकला की हिशोब लगेच समोर, कारण टॅक्स आधीच कापून गेलेला असतो, लपवायला उरतंय काय! खरी गंमत शेअर्सच्या पानावर. तिथे फक्त विकलेल्या शेअर्सचा नफा विचारतात, न विकता नुसती किंमत वाढली तर त्याला रकानाच नाही, म्हणून तर बडी मंडळी शेअर्स विकतच नाहीत, तारण ठेवून कर्ज काढतात आणि मजेत उडवतात, कर्ज थोडंच उत्पन्नात धरतात! अमेरिकेत अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफेने २०१० साली करपात्र उत्पन्नाच्या १७.४ टक्के टॅक्स भरला, त्याच्याच ऑफिसातल्या बाकीच्यांची सरासरी ३६ टक्के (हे त्यानंच सांगितलंय). ॲपला चार स्टार, नियमांना एक. हेल्प चॅट मात्र फारच स्लो, उत्तर यायला जाम वेळ लागतो.